जुन्या निन्टेन्डो स्विचवर उबुंटू: कुठे कामाचं, कुठे दमछाक

आधी निकाल. २०१७ किंवा २०१८च्या पूर्वार्धात बनलेला निन्टेन्डो स्विच तुमच्याकडे पडून असेल, तर त्यावर स्विचरूट या हौशी गटाने स्विचसाठी तयार केलेलं उबुंटू लिनक्स टाकून बघाच. मूनलाइट या अ‍ॅपने पीसीवर चालणाऱ्या गेमचं चित्र वाय-फायवरून आणून ते हातात घेऊन खेळणं, जुन्या कन्सोलांचे गेम चालवणं आणि डॉकला लावून डेस्कटॉपची हलकीफुलकी कामं उरकणं, ही तीन कामं तो झकास करतो. पण केवळ लिनक्ससाठी असा स्विच शोधून विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. रोजचा एकमेव संगणक म्हणून तर नकोच. या दोन्ही निकालांचं मूळ आत बसलेल्या चिपमध्ये आहे.

स्विचमध्ये एनव्हिडियाची टेग्रा एक्स-१ आहे: कॉर्टेक्स-ए५७ जातीचे चार कोअर, मॅक्सवेल पिढीचा २५६ कोअरचा ग्राफिक्स भाग आणि ४ जीबी रॅम. हीच चिप शील्ड टीव्हीत होती, आणि ग्राफिक्स निम्मं केलेलं तिचं रूप २०१९मध्ये जेटसन नॅनो या बोर्डावर आलं. जेटसनसाठी एनव्हिडिया स्वतःच उबुंटूवर बेतलेलं लिनक्स पुरवते. त्याचं नाव 'लिनक्स फॉर टेग्रा', बोलण्यात एलफोरटी. स्विचरूटने ते उचललं आणि स्विचचा पडदा, जॉय-कॉन (दोन्ही बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर), डॉक, वाय-फाय, बॅटरी असं एकेक अंग त्याला शिकवलं. म्हणून इथे ग्राफिक्सची तडजोड नाही. एनव्हिडियाचा खरा ड्रायव्हर चालतो, गेम ज्यांच्यावर चित्र काढतात ते ओपनजीएलही मिळतं आणि व्हल्कनही. इतर एआरएम हँडहेल्ड यंत्रांवर लिनक्स टाकणाऱ्यांची निम्मी रड ग्राफिक्स ड्रायव्हरची असते. ती इथे सुरुवातीलाच संपते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. जेटसन नॅनोला एनव्हिडियाने एलफोरटीच्या ३२व्या मालिकेपुढे नेलं नाही, त्यामुळे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ४.९वरच थांबला. मूळ लिनक्स प्रकल्पाने ४.९ची देखभाल जानेवारी २०२३मध्ये बंद केली. तुम्ही वर उबुंटू २२.०४ टाका की २४.०४, खाली कर्नल ४.९च असतो, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा कोड बंदच राहतो. मुक्त प्रणाली म्हणून हे घेणाऱ्यांनी एवढं मनाशी धरावं: डेस्कटॉप मुक्त, कर्नल मुक्त, बूटलोडर मुक्त, पण पडद्यावर चित्र काढणारा ड्रायव्हर एनव्हिडियाच्या मुठीत.

कोणता स्विच चालतो

स्विचला आरसीएम नावाची एक दुरुस्तीची अवस्था आहे. तिच्यात गेलेलं यंत्र यूएसबीवरून हुकूम घेतं. यातल्या एका हुकुमात किती बाइट पाठवायचे ही लांबी टेग्राचं बूटरॉम, म्हणजे चिप सुरू होताना चालणारा पहिला कोड, तपासतच नाही. जास्त लांबी मागितली की स्टॅकवर (चालू कोडच्या कामाच्या मेमरीवर) आपला मजकूर चढतो आणि निन्टेन्डोची सही तपासली जाण्याआधीच आपला कोड चालू लागतो. एप्रिल २०१८मध्ये केट टेमकिन आणि रीस्विच्ड गटाने ही फट 'फ्युजे जेले' या नावाने जाहीर केली. फेलओव्हरफ्लो या दुसऱ्या गटानेही तीच फट स्वतंत्रपणे शोधली होती. बूटरॉम सिलिकॉनमध्येच कोरलेलं असल्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत ती कुठल्याही अपडेटने बुजत नाही. तुमच्या स्विचवर निन्टेन्डोची कितवी आवृत्ती आहे याने म्हणूनच काही फरक पडत नाही. कारखान्यात मात्र फ्यूज जाळून ती बुजवता येते, आणि २०१८च्या मध्यानंतरच्या यंत्रांत ती तशी बुजवली गेली.

तपासायचं कसं? खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राजवळ अनुक्रमांक असतो. तो एक्सएडब्ल्यू१ने सुरू होत असेल तर त्यापुढचे चार आकडे बघा. ००७४पर्यंत असतील तर फट शाबूत, ०१२०च्या पुढे असतील तर बुजलेली, मधले संशयित. इतर अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. संशयितांसाठी एकच उपाय: पेलोड, म्हणजे या फटीतून चालवायची छोटी फाइल, पाठवून बघायचा. चालला नाही तर काही बिघडत नाही, पॉवरचं बटण दाबून धरून यंत्र बंद करायचं.

ऑगस्ट २०१९नंतरचं जास्त बॅटरी टिकणारं मॉडेल, लाइट आणि ओलेड यांत चिपची सुधारित आवृत्ती आहे. तिथे ही फट नाही, बोर्डावर मॉडचिप (सहीची तपासणी चुकवणारी जादा चिप) सोल्डर करावी लागते. ते काम डोळ्यात तेल घालून, सूक्ष्मदर्शकाखाली करायचं. हात बसलेला नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. इथून पुढचं सगळं पहिल्या मॉडेलबद्दल आहे.

साहित्य

मायक्रोएसडी कार्डावर कंजुषी करू नका. संपूर्ण प्रणाली त्याच्यावरून चालणार आहे, म्हणजे कार्ड हीच तुमची हार्डडिस्क. नामांकित कंपनीचं, यू३ आणि ए१ किंवा ए२ खूण असलेलं १२८ जीबीचं कार्ड घ्या. ६४ जीबीवरही भागतं, पण गेम टाकायला लागलात की जागा कमी पडते. नवं कार्ड आधी संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्रीने पूर्ण भरून तपासा. लेबलवर १२८ आणि आत ३२, अशी बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत. ती पहिल्या काही जीबींपर्यंत शहाण्यासारखी वागतात आणि मग फायली गिळायला लागतात.

दुसरी वस्तू जिग, म्हणजे जॉय-कॉनच्या जागी सरकवून ठरावीक पिना जोडणारा छोटा तुकडा. उजव्या जॉय-कॉनच्या खोबणीत तळाशी दहा पिनांची पट्टी आहे. तिच्यातली १०वी पिन ग्राउंडला जोडली की स्विचला होम बटण दाबल्यासारखं वाटतं, आणि आरसीएमसाठी तेच लागतं. वाकवलेल्या यू-पिनेने हे करून दाखवणारे पुष्कळ भेटतील. त्याच पट्टीतल्या ४थ्या पिनेवर ५ व्होल्ट असतात, यू-पिन घसरून तिला टेकली तर नुकसान होऊ शकतं, तेव्हा जिग वापरा.

तिसरी वस्तू डेटा वाहणारी यूएसबी केबल. चार्जिंगपुरती केबल असेल तर संगणकाला स्विच दिसणारच नाही, आणि दिवसभर ड्रायव्हर बदलत बसाल. पेलोड पाठवायला संगणक नसला तरी चालतं. ओटीजी असलेल्या अँड्रॉइड फोनवरून रेकाडो हे अ‍ॅप तेच काम करतं. प्रवासात स्विच पूर्ण बंद पडला तर हाच मार्ग उपयोगी पडतो.

बसवणी

कार्ड फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट नको, पार्टिशन करताना अडेल. हेकाटे या बूटलोडरची झिप उघडून त्यातलं बूटलोडर फोल्डर कार्डाच्या मुळाशी ठेवा. त्याच झिपमधली बिन फाइल संगणकावर राहू द्या. पेलोड म्हणतात तो हाच.

स्विच झोपवून भागत नाही. पॉवर बटण दाबून धरा, पॉवर ऑप्शन्समधून टर्न ऑफ निवडा. उजवा जॉय-कॉन काढा, जिग सरकवा, आवाज वाढवायचं बटण दाबून धरूनच पॉवर एकदा दाबा. पडदा काळा राहिला तर बरोबर. निन्टेन्डोचा लोगो आला तर जिग नीट टेकलेली नाही. आरसीएममध्ये पडद्यावर काहीच उमटत नाही, तेव्हा वाट बघत बसू नका. केबल लावा आणि पेलोड पाठवा. विंडोजवर टेग्राआरसीएमजीयूआय वापरायचं, पहिल्यांदा त्याच्यातूनच ड्रायव्हर बसवायचा. लिनक्स संगणक असेल तर निळ्या यूएसबी ३ पोर्टला केबल लावा. जुन्या यूएसबी २ कंट्रोलरवर फ्युजे लाँचर, म्हणजे लिनक्सवर पेलोड पाठवणारं साधन, अडतो, कारण कर्नलचा ड्रायव्हर एवढी मोठी लांबी मागूच देत नाही.

हेकाटे उघडलं की सगळं बोटाने होतं. पहिलं काम बॅकअप. टूल्समधून ईएमएमसी (स्विचची आतली साठवणूक) बॅकअप उघडा, बूट०, बूट१ आणि रॉ जीपीपी असं सगळं घ्या. हा बॅकअप जवळपास ३० जीबी होतो, आणि फॅट३२ असल्यामुळे तुकड्यांत पडतो. तो संगणकावर काढून ठेवा. लिनक्स आतल्या साठवणुकीला हात लावत नाही हे खरं, पण हेकाटेमधलं एखादं बटण चुकून दाबलं गेलं तर हाच बॅकअप वाचवतो.

मग टूल्समध्येच 'पार्टिशन एसडी कार्ड'. लिनक्सचा सरकता पट्टा हवा तेवढा ओढा. १२८ जीबीच्या कार्डावर लिनक्सला ८० ते ९० जीबी आणि उरलेलं फॅट३२ला ठेवा. कार्डावर १ जीबीपेक्षा कमी मजकूर असेल तर हेकाटे तो तात्पुरता रॅममध्ये उचलून पुन्हा जागेवर ठेवतं. जास्त असेल तर तो पुसला जाईल, म्हणून ३० जीबीचा बॅकअप आधी हलवायला सांगितला.

पार्टिशन झालं की तिथेच 'एसडी यूएमएस' दाबा. कार्ड पेन ड्राइव्हसारखं संगणकावर दिसेल. स्विचरूटच्या उबुंटूची सेव्हनझेड फाइल कार्डाच्या मुळाशी उघडा. बूटलोडर आणि स्विचरूट ही दोन फोल्डरं मुळाशीच दिसायला हवीत. या पायरीवर विंडोज एक गंमत करतं. लिनक्सचं पार्टिशन त्याला वाचता येत नाही, म्हणून ते अगदी आदबीने विचारतं, 'डिस्क फॉरमॅट करू का?' नाही म्हणा. कार्ड जेव्हा जेव्हा विंडोजला लावाल तेव्हा हा प्रश्न येईल, आणि उत्तर दर वेळी नाही.

कार्ड इजेक्ट करून हेकाटेमध्ये परत या, 'फ्लॅश लिनक्स' दाबा. स्विचरूटच्या इन्स्टॉल फोल्डरात इमेजचे तुकडे असतात. ते लिनक्सच्या पार्टिशनवर लिहिले जातात आणि शेवटी तुकडे काढून टाकू का असं विचारलं जातं. हो म्हणा, जागा मोकळी होते.

एक पायरी लोक हमखास गाळतात. दोन्ही जॉय-कॉन आधी निन्टेन्डोच्या प्रणालीत स्विचला लावून जोडून घ्या, मग हेकाटेच्या निक्स सेटिंग्जमधून 'डम्प जॉय-कॉन बीटी' चालवा. ब्लूटूथच्या जोडणीच्या किल्ल्या कार्डावर उतरतात आणि लिनक्स त्याच वापरतं. हे केलं नाही तर निन्टेन्डोकडून लिनक्सकडे आणि उलट, प्रत्येक फेरीत जॉय-कॉन नव्याने जोडत बसावं लागतं.

आता 'मोअर कॉन्फिग्ज'मधून उबुंटू निवडा. पहिल्या वेळी नाव, पासवर्ड, वाय-फाय विचारलं जातं. पडद्यावरच्या कीबोर्डने भागतं, पण डॉकला कीबोर्ड-माउस लावून केलंत तर चिडचिड वाचते. लगेच अपडेट घ्या, एकदा रीस्टार्ट करा.

वापरताना

निन्टेन्डोची प्रणाली प्रोसेसर १०२० मेगाहर्ट्झवर चालवते. लिनक्समध्ये तो १७८५पर्यंत जातो. हा फरक जाणवतो. केडीई हा डेस्कटॉप असलेलं उबुंटूचं रूप, कुबुंटू, सहज हलतं, खिडक्या अडकत नाहीत, लिब्रेऑफिस उघडायला थोडा वेळ घेतं आणि मग नीट चालतं. त्रास ब्राउझरचा. ४ जीबी रॅम प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यात वाटलेली आहे. रॅममधला मजकूर दाबून बसवणारा झेडरॅम थोडा हात देतो, पण आठ-दहा जड टॅब उघडले की स्वॅप (रॅममध्ये न मावलेला मजकूर बाहेर ठेवणं) सुरू होतो आणि स्वॅप कार्डावर पोचला की यंत्र नुसतं धापा टाकतं. फायरफॉक्समध्ये व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरवर पडतं. ७२० ओळींपर्यंत सुखाने बघा, आणि हातातला पडदा तरी १२८० बाय ७२०चाच आहे. मोठे चित्रपट ब्राउझरऐवजी स्विचरूटच्या एमपीव्हीमध्ये लावा, तिथे चिपमधला व्हिडिओचा वेगळा भाग कामाला लागतो.

याच भागामुळे मूनलाइट हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत गोड भाग आहे. पीसीवर चित्र पाठवणारं सनशाइन बसवा, स्विचवर ते घेणारं मूनलाइट. एच.२६५ उलगडणं हार्डवेअरमध्ये होतं, त्यामुळे प्रोसेसर निवांत आणि बॅटरी जास्त टिकते. हातात असताना ७२०, ६० फ्रेम, १० ते १५ मेगाबिट. डॉकवर १०८०, ६० फ्रेम, २० मेगाबिट. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झचंच हवं. २.४वर जॉय-कॉनचं ब्लूटूथ आणि वाय-फाय एकाच चिपमध्ये एकमेकांच्या पायात येतात, आणि चित्र दर थोड्या वेळाने फाटतं. निन्टेन्डोची ए-बी आणि एक्स-वाय बटणं एक्सबॉक्सच्या उलट असतात. मूनलाइटच्या सेटिंग्जमध्ये ती अदलाबदल करायचा पर्याय आहे, तो आधीच लावा. एका गोष्टीला मात्र इलाज नाही: झेडएल आणि झेडआर ही साधी दाबायची बटणं आहेत, कमी-जास्त दाब ओळखत नाहीत. मोटारींच्या शर्यतीत म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर एक तर पूर्ण, नाही तर शून्य. त्यासाठी दुसरा कंट्रोलर ब्लूटूथने जोडा.

जुन्या कन्सोलांसाठी त्यांची नक्कल करणारे रेट्रोआर्क, पीपीएसएसपीपी आणि डॉल्फिन. आठ आणि सोळा बिटी काळातले गेम, पहिलं प्लेस्टेशन, ड्रीमकास्ट, पीएसपी हे सगळं आरामात. गेमक्यूबचे काही गेम पूर्ण वेगाने, काही दमत; एकेक लावून बघणं एवढंच हातात आहे. प्लेस्टेशन २ सोडून द्या. गेमच्या प्रती तुमच्या स्वतःच्या डिस्क आणि कार्ट्रिजमधून काढलेल्या असाव्यात, हे वेगळं सांगायला नको.

स्टीम या पीसी गेमच्या दुकानाबद्दल सगळेच विचारतात. प्रोसेसर एआरएम आहे, स्टीमचे गेम एक्स८६साठी बांधलेले. बॉक्स६४ आणि बॉक्स८६ मधला दुभाषी होतात, पण दुभाष्याची मजुरी प्रोसेसरच भरतो. छोटे द्विमितीय गेम चालतात. स्टीमची स्वतःची खिडकीच आतून ब्राउझर असल्यामुळे गेम सुरू व्हायच्या आधीच निम्मी रॅम खाते. मोठ्या गेमसाठी वर सांगितलेलं मूनलाइट आहेच. माइनक्राफ्टची जाव्हा आवृत्ती मात्र थेट एआरएमवर चालते, दुभाषी लागत नाही. असं सगळं सामान एकेक शोधत बसण्यापेक्षा पाय-अ‍ॅप्स हा संच टाका. त्याला स्विच ओळखता येतो आणि तो त्याला योग्य तीच आवृत्ती बसवतो.

जॉय-कॉनचा कारभार जॉयकॉन्डी ही सेवा बघते. खोबणीतून काढल्यावर दिवे लुकलुकत राहिले की त्यांना तुमच्या निर्णयाची वाट आहे असं समजा. दोन्ही मिळून एक कंट्रोलर हवा तर डावीकडचं एल आणि उजवीकडचं आर एकदम दाबा. एकेकटा वापरायचा असेल तर त्याची एसएल आणि एसआर दाबा. डॉक, एचडीएमआयचा आवाज, हेडफोन, स्लीप यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण ते गुपचूप चालतं.

बॅटरी १६ वॅट-तासांची. निन्टेन्डोने पहिल्या मॉडेलसाठी अडीच ते साडेसहा तास सांगितले होते. लिनक्समध्ये कमाल वेगावर ठेवलं तर त्या पल्ल्याच्या खालच्या टोकाशी राहाल. पॅनेलवरच्या मेन्यूतून हातात असताना कमी वेगाचं प्रोफाइल निवडा. मूनलाइटला तेवढं पुरतं.

काय बिघडतं आणि का

उबुंटू निवडल्यावर नुसता काळा पडदा: दहांत नऊ वेळा सेव्हनझेड फाइल मुळाशी न उघडता एखाद्या उपफोल्डरात उघडलेली असते. उरलेल्या वेळी आयएनआय फाइलमधलं (बूटच्या सेटिंग्जची, बूटलोडर फोल्डरातली फाइल) आयडी आणि पार्टिशनचं लेबल जुळत नाही. २२.०४ काढून २४.०४ टाकताना जुनी आयएनआय फाइल राहून गेली की हेच होतं; बूटलोडरमधल्या आयएनआय फोल्डरातून ती काढा.

बूट अर्ध्यावर थांबून रूट पार्टिशन सापडत नाही म्हणतं: हेकाटेच्या कन्सोल इन्फोमध्ये मायक्रोएसडीचं पान उघडा. तिथे चुका मोजलेल्या दिसतात आणि वेगाची चाचणीही घेता येते. चुकांचा आकडा शून्य नसेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा, मग दुसरं कार्ड लावून बघा. दुसऱ्यालाही चुका आल्या तर दोष कार्डात नाही, कार्डाच्या खाचेत आहे. पहिल्या मॉडेलमध्ये ही खाच छोट्या वेगळ्या बोर्डावर असते आणि तिची जोडणी सैल होऊ शकते; बोर्ड दाबून पक्का बसवला की बहुतेकदा भागतं.

वाय-फाय अचानक मंद, जॉय-कॉन तुटक: आयएनआयमध्ये यूएसबी ३ चालू केलंय का बघा. मुळात ते बंद ठेवलेलं असतं, आणि त्याला कारण आहे. यूएसबी ३चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. बाहेरची डिस्क लावून वेग हवा असेल तर चालू करा, पण मग वाय-फाय ५वर न्या आणि कंट्रोलर तारेचा घ्या.

कोणी न शिवता पडदा आपोआप दाबला जातो: त्याच फाइलमध्ये 'टच स्किप ट्यूनिंग' एकवर ठेवा. बदललेल्या पडद्यांवर हा त्रास जास्त असतो.

अधूनमधून यंत्र गोठतं: त्याच फाइलमधली ओव्हरक्लॉकची (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) ओळ आणि रॅमचा वाढवलेला वेग काढून बघा. प्रत्येक चिपची झेप वेगळी असते. शेजारच्याच्या स्विचवर चालला तो आकडा तुमच्यावर चालेलच असं नाही. रॅमच्या वेगाशी खेळताना चूक झाली तर ती लगेच दिसत नाही. फायली हळूच खराब होतात, आणि दोष गरीब कार्डावर जातो.

पॉवर दाबून धरून बंद करण्याची सवय लावू नका. बूटच्या वेळी फाइल प्रणालीची तपासणी सुरू झाली तर ती पुरी होऊ द्या. बॅटरी तळाला गेली असेल तर आधी अर्धा-एक तास चार्जरवर ठेवा, मग पेलोडच्या मागे लागा. ऑटोआरसीएम नावाची सोय मोहात पाडते, कारण तिच्यामुळे जिग लागत नाही. पण ती आतल्या साठवणुकीतला बूटचा भाग मुद्दाम बिघडवते. मग यंत्र दर वेळी आरसीएममध्येच उठतं, आणि बॅटरी पूर्ण संपल्यावर चार्ज करणं हीच कटकट होऊन बसते. जिग जपून ठेवा, ऑटोआरसीएम विसरा.

पूर्ण बंद केल्यावर दर वेळी पेलोड पाठवावा लागतो, ही या फटीची मूळ मर्यादा आहे. त्यामुळे बंद करण्याऐवजी स्लीप वापरा. रीस्टार्टला अडचण नाही. आयएनआयमधली 'आर-टू-पी अ‍ॅक्शन' ही ओळ सेल्फवर असेल तर यंत्र पुन्हा थेट उबुंटूतच येतं.

अपडेटचा नियम सोपा. रोजचं एपीटी अपडेट आणि अपग्रेड खुशाल चालवा. कर्नलची पॅकेजं स्विचरूटकडूनच येतात. पण एका उबुंटूवरून पुढच्यावर उडी मारणारी रिलीज अपग्रेडची आज्ञा देऊ नका. ग्राफिक्स ड्रायव्हर जुन्या कर्नलशी आणि पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या ठरावीक एक्स सर्व्हरशी बांधलेला आहे. तो धागा तुटला की डेस्कटॉपच उठत नाही. नवी आवृत्ती हवी तर घरची फोल्डरं बाजूला काढा आणि कोऱ्या कार्डावर नव्याने फ्लॅश करा.

फक्त जुने गेम हवे असतील तर एवढं डेस्कटॉपचं ओझं कशाला? लाक्का टाका, सुरू झालं की थेट रेट्रोआर्क. व्हिडिओची अ‍ॅप आणि अँड्रॉइडचे गेम हवे असतील तर लिनेजओएस स्विचसाठी अधिकृतपणे निघतं. दोन्हींचा रस्ता हेकाटेतूनच जातो, आणि पार्टिशन पुरेशी पाडली तर एकाच कार्डावर उबुंटूशेजारी नांदतात. कस्टम फर्मवेअर हा मात्र वेगळा विषय आहे. उबुंटू निन्टेन्डोच्या सर्व्हरशी बोलत नाही. निन्टेन्डोच्या प्रणालीत बदल करून ऑनलाइन जाणारं यंत्र बंदी ओढवून घेऊ शकतं. दोन्हींचा गोंधळ नको असेल तर लिनक्सचं कार्ड वेगळंच ठेवा.

कंटाळा आला तर सगळं गुंडाळणं दोन मिनिटांचं काम आहे. उबुंटू नीट बंद करा, कार्ड काढा, पॉवर दाबा. निन्टेन्डोची प्रणाली तुमच्या सेव्हसकट जशीच्या तशी उघडेल. कार्ड पुन्हा पूर्ण वापरायचं असेल तर हेकाटेमध्ये लिनक्सचा पट्टा शून्यावर आणून नव्याने पार्टिशन करा. विंडोजच्या फॉरमॅटने फक्त फॅट३२चा तुकडा साफ होतो, आणि मग १२८चं कार्ड ३० जीबीचं का दिसतंय हे कोडं पडतं.